तिघांच्या ग्रुपमधला आकडा चवथीला बाहेर कसा आला?

फोंडा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील थोडे बदललेत. ताई अठ्ठेचाळीसच्या, मोठ्या भाईचं म्हापशाला हार्डवेअरचं दुकान, धाकटी बहीण लंडनला. वडिलोपार्जित घर आणि मागचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, यात चुलत्यांचाही हिस्सा आहे, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचा गोव्यातला दावा, कोर्टात चालू आहे, आणि घरावर बोली लागली तर आपण कितीपर्यंत जायचं हे तिघा भावंडांनी व्हॉट्सॲपवर, तिघांच्याच ग्रुपमध्ये ठरवलं. आकडा ९५ लाख. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे मूळ घरी जमले, माटोळीखाली आरती झाली आणि पानं वाढायच्या आधी चुलतभाऊ हसत हसत म्हणाला, "पंचाण्णवपर्यंत जाणार म्हणे तुम्ही, आईची खोली सोडायची नाही म्हणून." आईच्या खोलीचं बोलणंही त्या ग्रुपमधलंच. तेव्हापासून ताईंना झोप नाही. व्हॉट्सॲप कोणीतरी वाचतंय असं त्यांना वाटतं, त्यात त्याच आठवड्यात फेसबुकवर प्लॉटच्या जाहिराती दिसायला लागल्या. भाचा म्हणतो टेलिग्रामवर चला, बहीण म्हणते सिग्नल घ्या, भाई म्हणतो आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय. वकिलांना आधार कार्ड, सेल डीड (खरेदीखत), वन-फोर्टीनचे म्हणजे जमिनीचे उतारे सगळं व्हॉट्सॲपवरच गेलंय, त्याची धास्ती वेगळी. आणि पत्राच्या अगदी शेवटी, "मला वहिनीचा संशय येतो, मी तिच्याशी बोलणं कमी केलंय." प्रश्न असा, की यातलं कुठलं ॲप खरंच सुरक्षित आहे?

ताई,

सगळ्यात आधी तुमच्याच पत्रातलं एक वाक्य तुम्हाला परत वाचून दाखवते. तुम्ही सहज लिहून गेलात, "भाई नेहमी लगेच उत्तर देतो, दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्याचं व्हॉट्सॲप दिवसभर चालूच असतं, बिलं-कोटेशनं तिथूनच जातात." चार पानांत तुम्ही कंपनीवर संशय घेतलाय, सरकारवर घेतलाय, वहिनीवर घेतलाय, पण त्या कॉम्प्युटरकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. काउंटरमागे दिवसभरात कोण कोण बसतं? भाई दुपारी जेवायला घरी जातो तेव्हा दुकान कोण बघतं? बिलं करणारा मुलगा कोणाच्या ओळखीने लागलाय? आकडा तिथूनच फुटला असं मी म्हणत नाही, मला ते इथे बसून कळणारही नाही, पण शोध सुरू करायचा तर तिथून करा, कारण अशी नव्वद टक्के नाही तरी बरीचशी प्रकरणं मी ऐकलीत ती शेवटी कुठल्यातरी उघड्या पडद्यापाशीच येऊन थांबलीत.

आता तुमच्या मनातला मोठा प्रश्न, की व्हॉट्सॲप वाचलं जातं का. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरी डोळ्यासमोर आणा. तुम्ही एक कुलूपबंद पेटी फेरीत चढवली, चावी एक तुमच्याकडे आणि एक पलीकडच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या बहिणीकडे. फेरीवाल्याला पेटी न्यायची आहे, उघडता येत नाही, कारण चावी त्याच्याकडे नाहीच. यालाच एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात. व्हॉट्सॲपने हे २०१६ च्या एप्रिलमध्ये सगळ्यांसाठी पूर्णपणे सुरू केलं, वेगळं सेटिंग लावावं लागत नाही, आणि कुलपाची जी पद्धत आहे ती सिग्नलवाल्यांनी बनवलेली, उघड प्रसिद्ध केलेली आणि जगभरच्या जाणकारांनी वर्षानुवर्षं तपासलेली आहे. म्हणजे वाटेत कोणी वायफायवाला, मोबाईल कंपनीतला माणूस, अगदी व्हॉट्सॲपचे आणि फेसबुकचे मालक मेटावालेसुद्धा तुमचं ‘पंचाण्णव’ वाचू शकत नाहीत. यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, की व्हॉट्सॲपचा कोड सगळ्यांना बघायला खुला नाही, त्यामुळे त्यांनी कुलूप नीट बसवलंय यावर थोडाफार विश्वास ठेवावा लागतो. सिग्नलचा कोड खुला आहे. पण तुमच्या बोलीचा आकडा चोरायला कोणी एवढी पद्धत फोडली असेल हे मला जराही पटत नाही.

मात्र फेरीवाल्याला पेटीतलं दिसत नसलं तरी पेटी कोणी चढवली, कोणी उतरवली, दिवसातून किती वेळा, रात्री किती वाजता, हे सगळं दिसतं. व्हॉट्सॲपला तुमचा नंबर, तुमच्या कॉन्टॅक्ट लिस्टमधले नंबर, तुम्ही कुठल्या ग्रुपात आहात, फोन कुठला, इंटरनेटचा पत्ता काय हे कळतं. तुम्ही गेल्या महिन्यात वकिलांशी रोज बोललात एवढं त्यांना समजू शकतं, काय बोललात ते नाही. सर्वसाधारण घरगुती कामात याची झळ बसत नाही, पण पत्रकार असेल, खाणीविरुद्ध किंवा जमीन रूपांतराविरुद्ध लढणारं कोणी असेल, तर त्यांच्यासाठी कोण कोणाशी बोललं एवढंच कळणंसुद्धा जड जाऊ शकतं. अशा वाचकांनी माझं पुढचं सिग्नलचं म्हणणं जास्त गंभीरपणे घ्यावं.

तर पेटी वाटेत सुरक्षित आहे. भानगड दोन्ही धक्क्यांवर आहे. तुम्ही म्हणता "तिघांचाच ग्रुप", पण व्हॉट्सॲपला प्रत्येक माणसाला फोन सोडून आणखी ४ डिव्हाइस जोडता येतात, कॉम्प्युटर, टॅब, दुसरा फोन. म्हणजे तिघांचे मिळून १५ पडदे होऊ शकतात आणि प्रत्येक पडद्यावर आईची खोली अगदी साध्या मराठीत, कुलूप उघडलेल्या अवस्थेत वाचायला मिळते. कुलूप बरोबर चाललंय, चावीच काउंटरवर पडलीय.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. मागे आमच्या आईचे हॉस्पिटलचे रिपोर्ट प्रिंट करायचे होते म्हणून मी एका झेरॉक्सच्या दुकानात गेले, बाहेर पाऊस, रांगेत मागे पाच-सहा माणसं, मी त्यांच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडलं, मोबाईलने तो चौकोनी कोड स्कॅन केला, प्रिंट काढल्या, पैसे दिले आणि छत्री शोधत बाहेर पडले. लॉग-आउट केलंच नाही. बऱ्याच दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी व्हॉट्सॲपमधलं लिंक्ड डिव्हाइसेस, म्हणजे आपलं खातं कुठे कुठे जोडलंय ती यादी, उघडलं तर तिथे एक विंडोजचा कॉम्प्युटर, आणि शेवटचं ॲक्टिव्ह, त्याच दिवशी सकाळी पावणेदहा. त्या वेळी मी घरी भाजी चिरत होते. आईचा आजार, बहिणीशी झालेलं पैशांचं बोलणं, सगळं त्या दुकानातल्या पडद्यावर इतके दिवस येत होतं. कोणी वाचलं की नाही मला आजही माहीत नाही. हात थरथरत होते माझे तो लॉग-आउट दाबताना. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी मी ती यादी उघडून बघते, अर्धा मिनिट लागतं.

तुम्हीही आजच बघा. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप उघडून वरचे तीन ठिपके, त्यात लिंक्ड डिव्हाइसेस, आयफोनवर सेटिंग्जमध्ये. जे ओळखीचं नाही ते दाबून लॉग-आउट करा. मग भाईला फोन करा, आणि इथे शब्द जपून वापरा ताई. "तुझ्या दुकानातून फुटलं" असं म्हणालात तर तो आधी दुकानाची बाजू घेईल आणि मग तुमच्यावर चिडेल. त्याऐवजी म्हणा, "भाई, आपण तिघंही आपापल्या फोनमध्ये हे बघूया, मी माझं आधी स्क्रीनशॉट काढून टाकते." आपलं आधी दाखवलं की समोरच्याला लाज वाटत नाही. आणि दुकानासाठी कायमचा उपाय म्हणजे धंद्याचा नंबर वेगळा, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस, तोच काउंटरवर उघडा राहू दे. घरचा नंबर त्या कॉम्प्युटरवर कधीच नको. लंडनच्या बहिणीनेही तिचं बघावं, भाड्याच्या घरात रूममेटच्या लॅपटॉपवर उघडलेलं असेल तर तेही याच यादीत दिसेल.

दुसरी जागा बॅकअपची, आणि ही बहुतेकांना माहीतच नसते. व्हॉट्सॲप रात्री गपचूप सगळ्या गप्पांची एक प्रत गुगलच्या नाहीतर आयफोनवाल्यांच्या आयक्लाउड खात्यात ठेवतं. ही प्रत त्या वाटेतल्या कुलपात नसते. म्हणजे ज्याच्याकडे तुमच्या जीमेलचा पासवर्ड, त्याच्यासाठी अर्धं दार उघडं. या प्रतीलाही कुलूप लावायची सोय २०२१ मध्ये आली, पण ती आपण स्वतः चालू करायची असते, सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप, त्यात एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड ठेवायला सांगतं, तो विसरलात तर कंपनीसुद्धा काढून देऊ शकत नाही, म्हणून वहीत लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवा. आणि तुम्ही एकटीने लावून भागणार नाही, तिघांनी लावायला हवं, कारण तेच मेसेज तिघांच्याही बॅकअपमध्ये आहेत. भाईच्या जीमेलचा पासवर्ड दुकानातल्या त्या कॉम्प्युटरमध्ये सेव्ह असेल, हेही बघा.

आणखी दोन बारीक गोष्टी. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो आपोआप गॅलरीत जातो, गॅलरीतून गुगल फोटोजमध्ये, आणि गुगल फोटोज बऱ्याच घरांत मुलांच्या टॅबवर किंवा टीव्हीवरसुद्धा तेच खातं घालून चालू असतं. सेल डीडचं पान असं टीव्हीवर वाढदिवसाच्या फोटोंमध्ये आलेलं मी स्वतः बघितलंय एका घरी. सेटिंग्जमध्ये मीडिया गॅलरीत दाखवणं बंद करा. आणि लॉक असलेल्या स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद करा. चवथीला शंभर माणसं घरात, फोन सोप्यावर चार्जिंगला लावलेला, आणि त्यावर "आईची खोली नाही सोडायची, ९५ पर्यंत जाऊ" असं दोन ओळींत झळकलं, की कोणालाही कुठलं हॅकिंग करावं लागत नाही. तुम्हीच आठवून बघा, त्या दिवसांत तुमचा फोन कुठे चार्जिंगला होता?

जाहिरातींचं कोडं त्यामानाने सोपं आहे. तुम्हीच लिहिलंय, बोलीचा अंदाज यावा म्हणून दोन-तीन साइटवर आजूबाजूचे दर बघितले. अशा असंख्य साइट्सवर मेटाचा एक छोटा कोड बसवलेला असतो, तुम्ही काय बघितलं ते तो फेसबुकला कळवतो, आणि दुसऱ्या दिवशी प्लॉट दिसायला लागतात. मेसेज वाचायची त्यांना गरजच पडत नाही, आपण बाकी इतकं देऊन ठेवलेलं असतं. पण एक सांगते, ग्रुपमध्ये ते मेटा एआय आहे ना, त्याला टॅग करून कोणी काही विचारलं तर तो मेसेज मेटाकडे जातो, ती काही तिघांची गुप्त गोष्ट राहत नाही. तसंच एखादा मेसेज कोणी रिपोर्ट केला तर त्या माणसाचे शेवटचे ५ मेसेज व्हॉट्सॲपकडे पाठवले जातात. वाटणीचं बोलणं चालतं त्या ग्रुपात एआयला बोलवू नका. ग्रुपच्या माहितीत ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी म्हणून सेटिंग आहे, २०२५ मध्ये आलं, ते चालू केलं की चॅट एक्सपोर्ट करणं, फोटो आपोआप गॅलरीत उतरणं, एआयला बोलावणं हे अडतं. स्क्रीनशॉट मात्र त्यानेही थांबत नाही, आणि समोरच्या फोनचा दुसऱ्या फोनने फोटो काढला तर जगातलं कुठलंच ॲप थांबवू शकत नाही.

आता भाच्याचं टेलिग्राम. मुलगा काळजीपोटी सांगतोय, पण त्याचं म्हणणं नेमकं उलटं आहे, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की मी जरा जोर देऊन लिहिते. टेलिग्रामवर साध्या गप्पांना एंड-टू-एंड कुलूप नसतंच. पेटी बंद असते खरी, पण चावी फेरीवाल्याकडेही असते, सगळं त्यांच्या सर्व्हरवर साठवलेलं. कुलूपवाली जी ‘सीक्रेट चॅट’ आहे ती वेगळी उघडावी लागते आणि ती फक्त दोघांतच चालते, ग्रुपला ती सोयच नाही. म्हणजे तुम्ही तिघं टेलिग्रामवर ग्रुप केलात तर आज व्हॉट्सॲपवर जे संरक्षण आहे तेही घालवून बसाल. त्यांचे मालक पावेल दुरोव यांना ऑगस्ट २०२४ मध्ये फ्रान्समध्ये अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीर केलं, की कायदेशीर मागणी आली तर नियम मोडणाऱ्यांचे नंबर आणि आयपी पत्ते आम्ही देऊ. गुन्हेगारांची माहिती पोलिसांना मिळावी यात मला गैर वाटत नाही, पण टेलिग्राम म्हणजे कोणालाच काही कळत नाही, हा जो समज आहे तो खरा नाही. मोठे चॅनल, बातम्या, बसचं टाइमटेबल, परीक्षेच्या नोट्स यांना टेलिग्राम छान, घरच्या वाटणीला नको.

बहिणीचं सिग्नल हे तिन्ही ॲपमध्ये सगळ्यात चांगलं, यात वाद नाही. नफ्यासाठी न चालणारी संस्था, जाहिराती नाहीत, आणि मुख्य म्हणजे ते माहिती जवळपास साठवतच नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेत कोर्टाकडून त्यांच्याकडे दोन नंबरांची माहिती मागितली गेली तेव्हा त्यातल्या एकाचंच सिग्नल खातं होतं, आणि त्याबद्दल देण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. तारखा. बस. आता तर समोरच्याला नंबर न दाखवता युजरनेमवर बोलायची सोयही आहे, २०२४ पासून. म्हणून बहिणीचं ऐका, तिघांनी सिग्नल घ्या, मी विरोध करत नाही.

पण ताई, सिग्नल घेतलं आणि भाईने तेही त्याच कॉम्प्युटरवर जोडून ठेवलं तर? सिग्नललाही लिंक्ड डिव्हाइस असतात. २०२५ च्या फेब्रुवारीत गुगलच्या सुरक्षा टीमने उघड केलं, की रशियाशी जोडलेले हॅकर युक्रेनमधल्या लोकांना फसवे क्यूआर कोड स्कॅन करायला लावून त्यांचं सिग्नल आपल्या कॉम्प्युटरला जोडून घेत होते. कुलूप कोणी फोडलं नाही, मालकाच्याच हाताने दार उघडवलं. आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या सुरक्षा सल्लागारांनी हल्ल्याची चर्चा चाललेल्या सिग्नल ग्रुपमध्ये चुकून एका मासिकाच्या संपादकालाच घेतलं. तिथेही एन्क्रिप्शन चोख चाललं होतं, त्या संपादकापर्यंत सगळे मेसेज एकदम सुरक्षित पोचले. म्हणून मी तुम्हाला ॲप बदलायच्या आधी ते पडदे मोजायला सांगतेय.

शिवाय माणसं जिथे आहेत तिथेच ती बोलतात. भाई आठ दिवस सिग्नलवर लिहील आणि नवव्या दिवशी सवयीने व्हॉट्सॲपवर विचारेल, "काय ठरलं ९५ चं?" त्यापेक्षा आहे ते व्हॉट्सॲप नीट बंदोबस्तात वापरलेलं मला जास्त भरवशाचं वाटतं. तुम्हा तिघांचं खरंच जमत असेल तर ठरवा, की पैशांचे आकडे फक्त सिग्नलवर नाहीतर फोनवर बोलायचे, बाकी गप्पा व्हॉट्सॲपवर.

भाईच्या "लपवण्यासारखं काय आहे" याला उत्तर तुमच्याच घरात घडलंय. बोलीचा आकडा लपवणं हा काही गुन्हा नव्हे, तो बाहेर गेला तर समोरच्याचा फायदा आणि तुमचं नुकसान, एवढं सरळ आहे. आपल्या सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मेसेज पहिल्यांदा कोणी लिहिला हे शोधून देता आलं पाहिजे असा सरकारचा २०२१ चा नियम, त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली हायकोर्टात गेलं आणि एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर आम्ही इथून जाऊ असं त्यांच्या वकिलांनी २०२४ मध्ये कोर्टात सांगितलं. त्यावर मतं वेगवेगळी असू शकतात, व्हॉट्सॲपवरच्या अफवेवरून माणसं मारली गेलीत हेही मला विसरता येत नाही. पण दुकानाचा गल्ला भाई कुलूप लावूनच घरी जातो ना, त्याला कोणी विचारतं का लपवतोस म्हणून?

पेगाससचं तुम्ही विचारलंय. होय, २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या एका मिस्ड कॉलवरून फोनमध्ये शिरणारं ते हेरगिरीचं सॉफ्टवेअर सुमारे १४०० जणांच्या फोनवर सोडलं गेलं होतं, त्यात भारतातले पत्रकार आणि कार्यकर्तेही होते. असं काही फोनमध्ये शिरलं तर ॲप कुठलंही असो, उपयोग नाही, कारण ते पेटी उघडल्यावरचं वाचतं. पण ते अतिशय महाग हत्यार आहे, कुळागराच्या वाटणीसाठी कोणी आणत नाही. तुम्ही फोनचे अपडेट वेळेवर घ्या आणि लिंकवरून ॲप उतरवू नका, एवढं पुरे. त्यापेक्षा कितीतरी जवळचा धोका म्हणजे ओळखीच्या नंबरावरून येणारं "तुला चुकून एक सहा आकडी कोड आलाय, पाठव ना". तो कोड दिला की तुमचं अख्खं व्हॉट्सॲप त्याच्या हातात. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन तिघांनी आजच लावा. आणि असं काही होऊन पैसे गेले तर विचार करत न बसता १९३० ला फोन.

वकिलांना पाठवलेल्या कागदांचं. वाटेत धोका नव्हता, पण ते आता तुमच्या, भाईच्या आणि वकिलांच्या ऑफिसातल्या प्रत्येक जोडलेल्या कॉम्प्युटरवर पडलेत. वकिलांना सरळ विचारा, तुमचं व्हॉट्सॲप ऑफिसात कोण बघतं? राग येण्यासारखा प्रश्न नाही हा. पुढे आधार पाठवायचं तर मास्क्ड आधार पाठवा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, आधारच्या सरकारी साइटवरून मोफत उतरवता येतं. सेल डीडची पीडीएफ पासवर्ड लावून पाठवा आणि पासवर्ड फोनवर तोंडी सांगा. जमलं तर सरळ हातात नेऊन द्या, फोंड्याहून कितीसं अंतर आहे.

इथे एक सावधगिरी. बरेच जण सल्ला देतील, की आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू करा. भावंडांच्या ग्रुपला ते ठीक आहे, ७ दिवस ठेवा. पण वकिलांशी आणि चुलत्यांशी जे बोलणं होतं तिथे मुळीच नको. उद्या कोणी म्हणालं "मी असं कबूलच केलं नव्हतं" तर तुमच्याकडे काय राहील? कोर्टात अशा मेसेजना पुरावा म्हणून ठेवायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, ते कसं करायचं ते वकील सांगतील, पण मूळ मेसेज फोनमध्ये असले तर. सिग्नलवर गेलात तर हेही लक्षात ठेवा, फोन हरवला किंवा पाण्यात पडला आणि बॅकअप लावलेला नसेल तर सगळं बोलणं गेलं.

आता वहिनी. हा भाग लिहायला मला जड जातंय कारण तुमच्या पत्रात संशयाचं कारण म्हणून एकच गोष्ट आहे, की ती चुलतभावाच्या बायकोशी चवथीला स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत होती. ताई, नेवऱ्या तळताना जावा-जावा बोलणार नाहीत तर काय करणार? कदाचित तिनेच सांगितलं असेल, कदाचित भाईच कोणाजवळ बोलला असेल, कदाचित तुमच्या बहिणीने तिकडे गोव्याच्याच कोणा मैत्रिणीला सांगितलं असेल आणि ते फिरून इथे आलं असेल. माणसं बोलतात, त्यावर कुठलंही कुलूप नाही. पण त्या १५ पडद्यांतला एकही तपासायच्या आधी तुम्ही घरातल्या एका बाईशी बोलणं तोडलंत. यादी बघून झाली, काही सापडलं नाही, तरीसुद्धा तिच्यावर काही सिद्ध होत नाही. आणि दुकानातला कॉम्प्युटर सापडला तर तुम्हाला तिच्याकडे जायला तोंड राहायला हवं. मी तुमच्या जागी असते तर तपासाची वाट न बघता उद्याच फोन केला असता, कुठलंही निमित्त काढून, आकड्याचा विषय न काढता.

आणि हे सगळं वाचून लगेच फोनच्या सेटिंग्जमध्ये शिरण्याआधी एक काम करा, ते सगळ्यात निकडीचं आहे. आकडा चुलतभावाला कळलाय, तो आता कुठल्याही ॲपने परत गुप्त होणार नाही. तुमच्या वकिलांना हे माहीत आहे का? पत्रात कुठेच तसं दिसत नाही. आजच फोन करून सांगा, की समोरच्यांना आमचा ९५ चा आकडा माहीत आहे, म्हणजे बोलीची पुढची तयारी ते त्या हिशेबाने करतील. नवा आकडा ठरवायचा असेल तर भाईला घरी बोलवा, बहिणीला फोन लावा, बोलून ठरवा आणि ग्रुपवर लिहू नका.

तुमची,
ताईसारखीच एक ताई